वळलेल्या शेंगांची वॅटल: जांभ्या खडीतल्या लावणीच्या नोंदी

अशीच दुर्मीळ झुडपं लावायला निघालेल्यांसाठी या नोंदी ठेवल्या आहेत. झुडूप पश्चिम ऑस्ट्रेलियातलं, अकेशिया कॉक्लोकार्पा, त्यातली कॉक्लोकार्पा हीच उपजाती. अकेशिया म्हणजे बाभळीची नातेवाईक, इथे तिला वॅटल म्हणतात. वॉथरू गावाच्या परिसरात, पर्थच्या उत्तरेला दोनशेहून जास्त किलोमीटरवर. नेमकी जागा लिहीत नाही, लिहायचीही नसते.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. इथे २०१६ च्या जैवविविधता संवर्धन कायद्याखाली अशा झाडाची बी काय, फांदीही परवानगीशिवाय तोडता येत नाही. परवानगी आमच्या गटातल्या दोन जाणत्या माणसांकडे आहे. मी त्यांच्या हाताखालची स्वयंसेवक. परवानगी नसेल तर गवत काढायला, पाणी घालायला जा. तेही काम कमी नाही.

२६ नोव्हेंबर २०२२

झाड पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं बाभळीसारखं काही उभं असेल. हे जेमतेम गुडघ्याइतकं, जमिनीवर पसरलेलं. पानं म्हणजे खरं तर पानं नव्हेत, चपटे झालेले देठ. अरुंद आणि जरासे वाकडे. शेंगा मात्र एकदा पाहिल्या की विसरता येत नाहीत. स्वतःभोवती वेटोळं घालून बसलेल्या. कॉक्लोकार्पा म्हणजे गोगलगायीसारखं फळ.

उभं कुठे आहे? डांबरी रस्ता आणि गव्हाचं शेत यांच्या मधल्या अरुंद पट्टीत. पलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे कापणीला आलेला गहू, थेट क्षितिजापर्यंत. विसाव्या शतकाच्या मध्यावर इथे वर्षाला दहा लाख एकर जंगल साफ करायचं सरकारी धोरण होतं. त्यातून जे वाचलं ते असं रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या कडेला. खताचा अंश शेतातून उडून येतो, तणनाशक उडून येतं, रस्ता रुंद करायचा झाला तर पहिला घाला इथेच.

खाली वाकले आणि पायाखाली पाहिलं तर जांभा. तांबूस पिवळी माती आणि त्यात जांभ्याची गोल गोल खडी. आमच्या कोकणातल्या सड्यावर, कातळपठारावर, असते तशीच. हातात घेऊन बराच वेळ बसले.

बी मिळाली नाही. आम्ही उशिरा आलो होतो. शेंगा तडकलेल्या, बी उडून गेलेली, उरलेली मुंग्यांनी नेलेली. बीला एक मऊ मांसल देठ असतो, मुंग्या त्यासाठीच बी ओढून नेतात. चार माणसांचा दिवस आणि ७० डॉलरचं पेट्रोल गेलं. हाती आल्या त्या चार झुडपांवरच्या थोड्या हिरव्या शेंगा, त्यांना जाळीच्या पिशव्या बांधून आलो.

१० डिसेंबर २०२२

पिशव्या उतरवल्या. साखरपुड्याला बदाम-खडीसाखर भरून देतात तशा पातळ जाळीच्या पिशव्या, ४० पिशव्यांचे ३८ डॉलर. हेच आधी करायला हवं होतं. शेंग हिरवी असतानाच बांधायची, म्हणजे ती तडकली तरी बी पिशवीतच पडते. कुठल्याही झुडपाच्या पिकलेल्या बीपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त घ्यायची नाही. बाकीची त्या जमिनीची.

एकूण २१२ बिया. त्यातल्या ३७ बियांना बारीक भोकं. भुंगेऱ्याची अळी आतला गर खाऊन बाहेर पडलेली. राहिल्या १७५. त्यातल्या ५५ पर्थच्या केन्सिंग्टन भागातल्या बियाणे केंद्रात गेल्या. तिथे वाळवून गोठवून ठेवतात. आमच्या वाट्याला १२०.

प्रत्येक बीच्या पाकिटावर आईझाडाचा क्रमांक. हे फार महत्त्वाचं. मुळात झाडं थोडी, त्यात सगळी रोपं एकाच आईची निघाली तर लावणीला अर्थ उरत नाही.

२८ डिसेंबर २०२२

सरावासाठी इथल्या साध्या जॅम वॅटलची बी घेतली. अकेशिया अक्युमिनाटा, हिचं लाकूड तोडलं की रासबेरीच्या जॅमचा वास येतो. ही भरपूर आहे, चुकलं तर चालतं.

आप्पांना फोन केला. ते ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या सड्यांवर जी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, तिची लाखभर रोपं त्यांच्या हाताखालून गेली असतील. ती बाभूळही अकेशियाच, ऑरिक्युलिफॉर्मिस. म्हणाले, "बाय, उकळत्या पाण्यात घाल नि ऱ्हाऊ दे रात्रभर."

मी पाणी गॅसवर ठेवलं, उकळी आल्यावर बी टाकली आणि पाच मिनिटं तशीच उकळू दिली. ५० पैकी ३ रुजल्या. पुन्हा फोन. आप्पा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "अगो, चुलीवरनं उतरवून मग बी घालायची. शिजवायची नव्हे." दुसऱ्या खेपेला गॅस बंद करून घातली, पाणी निवेपर्यंत ठेवली. ५० पैकी ३४.

गरम पाणी का लागतं, तर टरफल इतकं घट्ट की पाणी आत शिरत नाही. रानात हे काम वणवा करतो. रस्त्याच्या कडेला आता वणवा येत नाही, येऊ देतही नाहीत. म्हणून मातीत बी असली तरी ती तशीच पडून राहते.

२१ जानेवारी २०२३

खऱ्या बियांना गरम पाणी नको असं ठरलं. १२० पैकी एकही अंदाजावर सोडायची नव्हती. प्रत्येक बीला हाताने छेद दिला.

पद्धत अशी. बी चिमट्यात धरायची. जिथे देठ जोडलेला असतो ती बाजू ओळखायची, कोंब त्या बाजूला असतो. त्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला नेलकटरने टरफलाचा खसखशीएवढा तुकडा उडवायचा. आतला पांढरट गर दिसला की थांबायचं. गर कापला गेला तर बुरशी लागते. पहिल्या वीसमध्येच माझ्या हातून पाच गेल्या, नंतर दोन. एकूण ७. प्रत्येक बी जाताना जीव खालीवर होत होता. नंतर कळलं की टेबलावरचा दिवा डावीकडून घेतला तर टरफलाची कड सावलीत स्पष्ट दिसते. त्यानंतर एकही गेली नाही. ११३ बियांना साडेचार तास.

बिया ओलसर थाळ्यांत घालून १५ अंशांवर ठेवल्या. हा इथला उन्हाळा आहे, इथल्या मूळ रहिवासी नुंगार लोकांच्या पंचांगात बिराक. घरात ३८ अंश. त्यामुळे थाळ्या प्रयोगशाळेतल्या थंड कपाटात. ही बी हिवाळ्याच्या पावसात रुजणारी, उष्णतेत ती उठत नाही.

१२ फेब्रुवारी २०२३

९६ रुजल्या. उंच अरुंद कुंड्यांत लावल्या, म्हणजे सोटमूळ सरळ खाली जातं. रुंद कुंडीत ते गोल फिरतं आणि पुढे झाड कोलमडतं.

११ मार्च २०२३

२७ रोपं गेली. बुंध्याशी काळी पडून आडवी झाली, मर लागली. कारण मी. सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते. कोकणात उन्हाळ्यात रोपाला दोन वेळा पाणी घालायचं हे हातात बसलेलं. पण हे झाड वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या खडीतलं. वरची माती बोटाच्या पेरापर्यंत वाळल्याशिवाय पाणी घालायचं नाही, आणि घालायचं ते सकाळीच. मातीत जाड वाळू वाढवली, कुंड्या जमिनीवरून उचलून जाळीच्या मांडणीवर ठेवल्या. मर थांबली.

त्याच दिवशी दुसरी चूक सापडली. कुंड्यांवरचे क्रमांक मार्कर पेनने लिहिलेले, उन्हाने उडून गेले. ११ रोपांच्या आया कोण ते आता कधीच कळणार नाही. शिसपेन्सिलीने ॲल्युमिनियमच्या पट्टीवर लिहा. पेन्सिल उन्हाने उडत नाही.

१ जुलै २०२३

लावणी. मकुरू, म्हणजे थंडीपावसाचे दिवस. मधल्या काळात ५ रोपं गेली होती, म्हणून ६४ नेली.

जागा मूळ झाडांपासून थोड्या अंतरावरची राखीव जमीन. तशीच जांभ्याची खडी, भोवती सुरूच्या जातीची झुडपं, हाकिया, मधूनमधून बुटके युकॅलिप्टस. आत शिरण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने साफ करून त्यावर मेथिलेटेड स्पिरिट फवारलं. फायटॉप्थोरा नावाची एक मूळकूज चिखलाबरोबर पसरते. ती एकदा जमिनीत गेली की परत काढता येत नाही. एकाची गाडी ओल्या वाटेवरून आत येत होती, ती मागे घ्यायला लावली. त्याला राग आला. येऊ दे.

खड्डा पाडायला पहार लागली. खडी इतकी घट्ट की पहिल्या तासात नऊच खड्डे. आठवडाभर आधी येऊन जागा ओली करून ठेवायला हवी होती. ६४ रोपांना सहा माणसं, सात तास.

अर्ध्या रोपांना ठिबक, अर्ध्यांना नाही. काही पैशांमुळे, काही तुलनेसाठी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस लिओनी मंक्स आणि डेव्हिड कोट्स या संशोधकांनी याच झुडपाच्या आणि कार्नामाजवळच्या अकेशिया अप्रिकाच्या लावणीचं काम सुरू केलं, २००२ साली त्यावर लिहिलं. त्यामुळे आपण नेमकं काय मोजतोय हे ठरवायला सोपं गेलं.

खर्च: जुनी एक हजार लिटरची चौकोनी टाकी १२० डॉलर, ठिबकच्या नळ्या आणि ड्रीपर ६९० डॉलर.

१५ जुलै २०२३

९ रोपं खाल्ली. ससे. प्लॅस्टिकच्या नळकांड्या घातल्या होत्या, वाऱ्याने निम्म्या उडाल्या. जी रोपं उघडी पडली ती बुंध्यापासून तिरपी कापलेली, चाकूने कापावी तशी स्वच्छ. सशाची खूण हीच. कांगारू ओढून खातो, त्याचा कापा फाटका असतो.

सगळ्या नळकांड्या काढल्या. तारेची जाळी आणली, ४१० डॉलर. प्रत्येक रोपाला गोल कडं, खालची वीतभर जाळी बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर पसरली आणि तिच्यावर दगड ठेवले. ससा कड्याला लागूनच उकरतो, खाली जाळी लागली की सोडून देतो. त्यानंतर एकही रोप सशाने खाल्लं नाही. हे ४१० डॉलर आधी घातले असते तर ९ रोपं राहिली असती.

उरली ५५. ठिबकवर २८, बिनपाण्याची २७.

१९ ऑगस्ट २०२३

वेल्ड ग्रास. दक्षिण आफ्रिकेतून आलेलं गवत. महिन्याभरात कड्यांच्या आत घुसून रोपं दिसेनाशी झाली. मी उपटायला सुरुवात केली. तिसऱ्या बुडख्याबरोबर रोपाच्या मुळाशी असलेली माती हलली, रोप कललं. हे गवत बुडख्याने वाढतं, त्याची मुळं रोपाच्या मुळांत गुंततात. मग विळ्याने जमिनीसरशी कापत गेले आणि कापलेलं गवत तिथेच आच्छादन म्हणून पसरलं. ओंबी धरलेलं मात्र गोळा करून पिशव्यांत भरून बाहेर नेलं. कललेलं रोप माती दाबून सरळ केलं, ते जगलं.

खरं काम लावणीच्या आधीच्या हिवाळ्यात करायला हवं होतं. जागा एक वर्ष आधी निवडा आणि एक पूर्ण हंगाम फक्त गवतावर घालवा.

"वॅटल" शब्दाचा अर्थ आज गटातल्या एका आजींनी सांगितला. इंग्रजीत तो मुळात कुडाच्या भिंतीसाठी. इथे आलेल्या लोकांनी ज्या झाडाच्या फांद्या विणून कूड घातले ते वॅटल. मी त्यांना आमच्या गावच्या गोठ्याचा कूड कसा असतो ते सांगितलं.

२ डिसेंबर २०२३

ऑक्टोबरपासून पाऊस जवळपास नाहीच. बिनपाण्याच्या ओळीत आज १४ जिवंत. ठिबकच्या ओळीत २८ पैकी २७.

वाटेत मूळ झाडांपाशी थांबले. तिथे रस्त्याची कड यंत्राने खरवडली होती. दुर्मीळ झाडांच्या खुणेचा पिवळा खांब आडवा, दोन झुडपांच्या फांद्या मोडलेल्या. ज्यांनी केलं त्यांना तो खांब कशाचा हेच माहीत नव्हतं. तक्रार लेखी दिली आहे. पण तो खांब परत रोवताना जे वाटलं ते लिहायला शब्द नाहीत. एवढ्याशा पट्टीत जे शिल्लक आहे त्यावर पातं फिरायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

२४ फेब्रुवारी २०२४

या महिन्यात पर्थमध्ये सात दिवस ४० अंशांच्या वर गेले. १८ तारखेला उत्तरेकडच्या जेराल्डटनला ४९.३. गेल्या शनिवारी उन्हामुळे जायचं रद्द केलं होतं, आज पहाटे तीनला निघाले.

ठिबकची मुख्य नळी तीन ठिकाणी फोडलेली. गुलाबी काकाकुवे. तहानलेला पक्षी नळीतलं पाणी ऐकतो की काय कोण जाणे, पण बरोबर सांध्याशी चोच मारतो. टाकी रिकामी. किती दिवस ते कळायला मार्ग नाही.

रोपांपाशी गुडघे टेकून बसले. खडी इतकी तापलेली की पँटमधून चटका बसत होता, आणि सकाळचे आठच वाजले होते. पहिल्या कड्यातलं रोप करडं. फांदी चिमटीत धरून नखाने किंचित खरवडली. आत तपकिरी. दुसरं, तपकिरी. तिसरं खरवडलं तेव्हा आत हिरवी रेघ दिसली, ओली. पानं सगळी गळलेली, पण सालीखाली हिरवं. मग प्रत्येकाला तसंच खरवडत गेले, एकदाच आणि अगदी टोकाला. ठिबकच्या ओळीत २३, बिनपाण्याच्या ओळीत ६.

गाडीत पिण्याचं ४० लिटर पाणी होतं, त्यातलं ठिबकच्या २३ रोपांना वाटलं. त्या सहांना देताना हात थांबला. दिलं तर तुलना बिघडते. गटातल्या जाणत्यांना फोन करून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "द्या, पण लिहून ठेवा." दिलं. लिहून ठेवते आहे: २४ फेब्रुवारी, प्रत्येकी सव्वा लिटर.

२७ एप्रिल २०२४

मुख्य नळी जमिनीखाली वीतभर पुरली. त्या खडीत ३० मीटर चर खणायला दोन शनिवार गेले. टाकीच्या शेजारी पक्ष्यांसाठी पसरट भांडं ठेवलं, त्यालाही एक ड्रीपर. पक्ष्यांनी नळीचा नाद सोडला.

आज मोजदाद: २३ आणि ६, एकूण २९. फेब्रुवारीनंतर एकही गेलं नाही. बिनपाण्याची वाचलेली सहापैकी चार एकाच आईची, क्रमांक ७. क्रमांक लिहून ठेवल्याचा हा उपयोग. आता क्रमांक ७ च्या बियांवर वेगळं लक्ष. मात्र सगळी पुढची रोपं तिचीच करायची नाहीत, हेही ठरलं.

२० जुलै २०२४

तीन रोपांना फुलं. पिवळी, आपल्या बाभळीसारखी गोल नव्हेत तर जरा लांबट. लावून एक वर्ष आणि एकोणीस दिवस. आप्पांना व्हिडिओ कॉल लावून दाखवली. त्यांनी फोन चष्म्याजवळ धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही सड्यावर लावलेली कुणी मागितली नव्हती. खाली गवतसुद्धा नीट आलं नाही. हिला मात्र जागा हवी होती." सड्यावरच्या त्या लावणीबद्दल त्यांना आतून काय वाटतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आतापर्यंतचा हिशेब: साहित्य १,२५८ डॉलर. पेट्रोल, २६ फेऱ्यांचे, १,८२० डॉलर. १२० बियांतून २९ झाडं, म्हणजे एका झाडाला शंभर डॉलरहून थोडे जास्त. यात माणसांचे दिवस धरलेले नाहीत.

३० नोव्हेंबर २०२४

तीनपैकी दोन झाडांना शेंगा धरल्या. ११. अजून हिरव्या, वेटोळं अर्धवट घातलेलं. यंदा वेळेवर आलो होतो, अकराही शेंगा जाळीत बांधल्या. पिकल्यावर दोन काढून घेऊ, बाकीच्या पिशव्या तिथेच उघडून बी खाली पडू द्यायची.

पुढच्या शनिवारसाठी: ड्रीपर ६, नेलकटर नको, पेन्सिल, पट्ट्या, पक्ष्यांच्या भांड्यासाठी नवा पाट्यासारखा दगड. जुना कुणीतरी उलटवला आहे, बहुतेक इमूने.